मालकीणबाईंचं तोंड

ज्या बाईच्या वाडीत मी लग्नानंतर संसार मांडला, तिचं तोंड मी कित्येक महिने पाहिलेलंच नव्हतं, असं मी सांगायला लागले की आमच्या घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "चहा टाका रे, आत्याची गोष्ट सुरू झाली." टाका बापडे. पण गोष्ट खरी आहे. मी बढाया मारते त्या फक्त दोनच बाबतींत, माझ्या पुरणपोळीच्या आणि माझ्या एके काळच्या कमरेच्या.

सत्तावन्न साल. उन्हाळा सरता सरता बोटीवरून म्हणे तो ताप मुंबईत उतरला आणि बघता बघता घरोघर अंथरुणं पडली. शाळा बंद झाल्या, हपिसं ओस पडली. नेमक्या अशा वेळी आम्हाला मुलुंडला खोली मिळाली. मिळाली म्हणजे काय, तापाला घाबरून आधीचे भाडेकरू गावाला पळाले आणि आमच्या ह्यांना वाटलं आपलं नशीब उघडलं. मी पेणहून नुकती आलेली, हातातला हिरवा चुडा अजून न वाढवलेला. स्टेशनापासून टांगा केला. ट्रंक, स्टो, वळकटी आणि मी, असं सामान.

वाडीत शिरलो आणि टांगेवाल्याने घोडा थांबवला. समोर बैठ्या खोल्यांची एक रांग, टोकाला मालकिणीचं कौलारू घर, मधे नळ, मागे डोंगर. नळावर माणसं उभी होती. बायका, पुरुष, पोरं. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांखाली पांढरी पट्टी. कुणाला नाक नाही, कुणाला ओठ नाहीत. सगळी वळून आमच्याकडे बघत होती.

टांगेवाला हळूच म्हणाला, "बाय, इथे सगळे महाराज राहतात काय?" घाटकोपरला तोंडावर पट्टी बांधलेले जैन साधू त्याने पाहिले होते, त्याचा काय दोष? मला मात्र वाटलं, टांगा असाच वळवावा आणि थेट पेणला न्यावा.

तेवढ्यात टोकाच्या घरातून त्या आल्या. उंच, काटक, अंगावर तपकिरी नऊवारी, कपाळ मोकळं. तीच पांढरी पट्टी, पण त्यांच्यावर ती बांधल्यासारखी वाटत नव्हती, उगवल्यासारखी वाटत होती. कमरेच्या ओच्यातून त्यांनी दोन घड्या काढल्या आणि म्हणाल्या, "आत पाऊल टाकायच्या आधी बांधा. तुझा हिरवा दोरा, ह्याचा निळा. एकमेकांची बांधायची नाही, नवराबायको असलात तरी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोलताना पट्टी हलायला हवी की नाही? हलली नाही. शब्द ऐकू आले, पण ते नेमके कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही.

मालकीणबाईंचे यजमान कंपाउंडर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण पट्टीचा ध्यास त्याहून जुना. त्या लहान असताना मानमोडीची साथ आली होती. त्यांच्या माहेरी एका आठवड्यात माणसं उचलायला माणूस उरला नाही, असं त्या कोरड्या आवाजात सांगायच्या. तेव्हा मिशनच्या इस्पितळातल्या नर्सबाया तोंडाला फडकं बांधून फिरायच्या आणि त्यांच्यातली एकही आजारी पडली नाही, हे त्या पोरीने लक्षात ठेवलं. मग एवढ्या वर्षांनी ताप आला तशी यजमानांची धोतरं काढली, फाडली, चारपदरी शिवली आणि सगळ्या वाडीच्या तोंडावर बांधली. ज्याला नको असेल त्याने खोली सोडावी.

प्रत्येकाच्या पट्टीला काठाशी वेगळ्या रंगाचा दोरा. रोज संध्याकाळी सगळ्या पट्ट्या त्यांच्याकडे जमा करायच्या, धुतलेल्या घेऊन यायच्या. त्या मोठ्या हंड्यात कडुलिंबाचा पाला घालून उकळायच्या आणि अंगणातल्या दोरीवर ओळीने वाळत घालायच्या. वारा आला की सगळी ओळ एकदम फुगायची आणि एकदम बसायची. जणू वीस-पंचवीस माणसं दोरीवर बसून श्वास घेताहेत. मी शेगडीपाशी बसून ते बघायची आणि माझी पोळी करपायची. निदान पोळी करपण्याचं कारण मी ह्यांना तरी तेच सांगत असे.

त्यांना कुणी जेवताना पाहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, दार लोटून त्या जेवायच्या. वाडीतल्या पोरांचं ठाम मत होतं की पट्टीच्या खाली काही नाहीच. नुसती सपाट कातडी. आमचे हे हसायचे. "मग जेवण जातं कुठून?" म्हणायचे. पण एकदा वीज गेली असताना त्या भाड्याचं विचारायला दारात उभ्या राहिल्या, अंधारात नुसती पांढरी पट्टी तरंगत होती, तेव्हा हेच माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. पुढे नाही, मागे.

आणखी एक सवय. दुपारी नि दिवेलागणीला त्या खोल्यांवरून फिरायच्या आणि प्रत्येक दाराशी क्षणभर कान द्यायच्या. बोलणं ऐकायला नव्हे, श्वास ऐकायला. "पेणकरणी," एकदा मला म्हणाल्या (मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही), "तू झोपेत तोंडाने श्वास घेतेस." मी दुपारी झोपते हे मी सासरी सुद्धा कळू दिलं नव्हतं.

त्यांच्या घरात मुलगा वसंता आणि सून शालू. वसंता एका कारखान्यात फोरमनच्या हाताखाली होता, आईपुढे गाय. शालू माझ्याच वयाची. तिचंही तोंड मी पाहिलं नाही. नळावर भेटायचो, बोलायचो, पण माझ्यासाठी शालू म्हणजे दोन डोळे. मोठे, किंचित पिंगट, हसताना बारीक होणारे. मालकीणबाईंचा तिच्यावर जीव. दुसऱ्यांशी लाकूड फोडल्यासारखं बोलणारी बाई, पण "शालू" म्हणताना आवाज मऊ व्हायचा. तिच्या पट्टीला लाल दोरा. सगळ्यांत नाजूक टाके त्या पट्टीचे.

आषाढात शालूला ताप भरला आणि ती गेली. इतकंच. पट्ट्या बांधणाऱ्या घरातच ताप शिरला. मालकीणबाईंनी कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. नेताना तोंडावर चादर होती. त्या रडल्या की नाही ते सांगता येत नाही, कारण पट्टीच्या वर डोळे कोरडे होते आणि खाली काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरीवर लाल दोऱ्याची पट्टी वाळत होती. मी म्हटलं, शेवटचं धुऊन ठेवत असतील. तिसऱ्या दिवशीही होती. मग रोज. रोज उकळून, पिळून, आपल्या जागेवर. एकदा पट्टी आणायला गेले तेव्हा सगळ्या कडक वाळल्या होत्या, माझी, ह्यांची, सगळ्यांची. लाल दोऱ्याची मात्र मधोमध ओलसर होती. बरोबर ओठ येतात तिथे. मी हात लावला नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मधे कापड जाड असेल." जाड असेल. माझी पण चारपदरीच होती.

गणपतीच्या सुमाराला साथ ओसरली. शाळा भरल्या, थेटरं भरली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता तोंडं बांधायची गरज नाही. झालं, वाडीत रण पेटलं. आमच्या शेजारचे रेगे विमा कंपनीत होते, त्यामुळे मरणावर आपल्यालाच बोलायचा अधिकार आहे असं त्यांना वाटे. नळावर बादली आपटून म्हणाले, "मालकीणबाई, डॉक्टर स्वतः उघड्या तोंडाने पान खात बसतो! अख्खी मुंबई मोकळी झाली. आम्हीच काय म्हणून दरोडेखोरांसारखं हिंडायचं? हपिसात मला 'या डाकू' म्हणतात!"

"अहो, पण बरं पडतं ते," रेगेवहिनी मधेच म्हणाल्या. "सासूबाई बोलत असल्या की खाली काय वाट्टेल ते तोंड करता येतं."

"तू गप्प बस गं."

"बघा, आत्ता केलंच मी."

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या असतील तर माहीत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याला काढायची त्याने काढा. मी कुणाला दोरखंडाने बांधलेलं नाही. पण ताप गेलेला नाही. एका तोंडात राहिलाय."

"कुणाच्या?" रेग्यांनी विचारलं.

त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि घरात गेल्या.

आता सांगा, कसं काढायचं? दोन दिवस कुणी काढली नाही. मग रेग्यांनी काढली, मग त्यांच्या पोरांनी, मग आम्ही. आणि गंमत अशी की पट्ट्या निघाल्या तशी वाडी ओळखीची व्हायच्या ऐवजी अनोळखी झाली. डोळ्यांवरून मी प्रत्येकाला मनानेच एकेक तोंड देऊन ठेवलं होतं. रेगेवहिनींना मी दिलेलं तोंड त्यांच्या खऱ्या तोंडापेक्षा कितीतरी देखणं होतं. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असावं, कारण त्या माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "अगं बाई, असं आहे होय!" कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी बोलताना कपाळाकडेच बघत होतो. आणि मनात प्रत्येकाच्या एकच. हे तोंड तर नव्हे? कुणी खोकलं की चारजण सरकायचे.

मालकीणबाईंनी आपली पट्टी काढली नाही. त्यांची आणि लाल दोऱ्याची, दोनच पट्ट्या आता दोरीवर.

तुळशीचं लग्न लागलं आणि शालूला जाऊन वर्ष व्हायच्या आत वसंताचं दुसरं लग्न ठरलं. मालकीणबाईंनीच ठरवलं, त्यांच्याच गावाकडची मुलगी, कुडाळजवळची. पाच बहिणींतली तिसरी, बाप खुशीने तयार. लग्न गावाला होऊन वरात मुलुंडला आली. मालकीणबाई लग्नाला गेल्या नव्हत्या, "गाडीत माणसं असतात" म्हणाल्या. त्यामुळे सून आणि सासू एकमेकींना प्रथम पाहणार त्या सूनमुखालाच.

सूनमुख तुम्हा आताच्या पोरींना माहीत नसेल. सासू सुनेला शेजारी बसवते, दोघींच्या समोर आरसा धरतात, सासू आरशात सुनेचं तोंड बघते आणि तिच्या तोंडात साखर घालते. मी आरसा धरायला होते. माझ्याच घरचा, दाढीचा. नवरी येऊन बसली. चंद्रा तिचं नाव. सावळी, गोल चेहऱ्याची, पुढचा एक दात जरा तुटका. घाबरलेली होती पण डोळ्यांत मिस्कील चमक होती.

"आता तरी काढा हो मालकीणबाई," रेगेवहिनी म्हणाल्या. "सुनेने बघायचं काय, फडकं?"

"काढणार नाही."

"अहो शुभकार्य आहे..."

"काढणार नाही म्हटलं ना."

 रेगेवहिनींनी साखरेची वाटी उचलली आणि परत खाली ठेवली. तेव्हा चंद्रा बोलली. नवऱ्या मुलीने बोलायचा तो काळ नव्हे, पण ती बोलली. "आई, तुमी काढू नकात. माका पण एक द्या. म्हणजे दोघी सारख्या."

आम्ही सगळ्या हसलो. पोरगी चतुर आहे म्हटलं, बाजू सावरली. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात ओच्यात गेला आणि घडी बाहेर आली. लाल दोऱ्याची.

हसणं जागच्या जागी थांबलं. रेगेवहिनींनी माझा दंड धरला. चंद्राला काय ठाऊक? तिने हौसेने ती पट्टी बांधली, नथीवरून नीट बसवली आणि आरशात बघितलं.

मी आरसा धरून होते, त्यामुळे मला दोघी समोरून दिसत होत्या. पांढऱ्या पट्ट्या आणि वर डोळे. मोठे, किंचित पिंगट. मुलगी हसत असावी, कारण ते बारीक झाले. तिकडे असे डोळे घरोघर असतात, मला माहीत आहे. शालू आणि ही, दोघी एकाच गावाकडच्या. पण हे डोळे मी नळावर रोज पाहिले होते.

मालकीणबाईंनी आरशात बघतच विचारलं, "आलीस?"

असा मऊ आवाज मी आषाढानंतर ऐकला नव्हता.

चंद्राला वाटलं, सासू घरात स्वागत करते आहे. तिने मान हलवली आणि गोड आवाजात म्हणाली, "हो, आलंय."

साखर राहिलीच. तोंड झाकलेलं, घालणार कुठे? मग ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, ते आलं. वसंताने आईकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तेच लिही." त्याची अंगठी तांदळावर थांबली. मला वाटलं, आता हा बोलेल. पण वसंताने लिहिलं, शालिनी.

आम्ही बायका पेढे घेऊन घरी आलो. जी काही कुजबूज झाली ती दुसऱ्या दिवशी. आठ दिवसांत सगळी वाडी तिला शालू म्हणायला लागली. सोयीचं होतं ना. जुनीच हाक, जुनेच डोळे, तीच पट्टी. अख्ख्या मुंबईत पट्टी उरली नव्हती, ह्या एका घरात दोन बायका ती बांधून वावरत होत्या.

चंद्रा दुपारची माझ्याकडे यायची, मागच्या दाराने. स्वयंपाकघरात बसून पट्टी गळ्यात ओढायची आणि बशीतून चहा प्यायची, फुर्रकन आवाज करत. पहिल्यांदा खूप हसायची. कारखान्यातून आलेला नवरा चपला सुद्धा आईला विचारून काढतो, ह्याची नक्कल करायची. मग हसणं कमी झालं. एकदा चहा निवला तरी तिने बशी उचलली नाही. माझ्याकडे तोंड वर करून म्हणाली, "वैनी, बघा. माझा तोंड आसा मा जाग्यार?"

"म्हणजे काय गं? आहे की."

"घरात आरसो नाय. आईन काढून ठेवलो." बोटांनी तिने आपले ओठ चाचपले. "काल माका दातच सापडना. ह्यो तुटलेलो. म्हटलं, खंय गेलो?"

मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, "मग वसंताला सांग की. नवरा आहे ना तुझा?"

"सांगितलंय. म्हणता, चार दिवस चलवून घे, आयेचा मन रमता." तिने पट्टीचा लाल दोरा बोटाला गुंडाळला. "त्या माका तिच्या आवडीचा करून घालतत. तिची लुगडी नेसवतत. केस विंचरतत. माझ्या आवशीन सुद्धा इतकी माया करूक नाय, वैनी. पाच जणी आम्ही, कोणाक कोण विंचरतला? पण ती माया माझी नाय." मग एकदम म्हणाली, "पट्टी काढली तर माया जातली. नाय काढली तर मी जातलंय."

 मी स्वतः वीस वर्षांची, कमरेची बढाई सोडली तर अंगात काही नव्हतं. मी तिला म्हटलं, "थोडे पोहे करते." माझं आजवरचं सगळं समुपदेशन हे असंच आहे.

मालकीणबाई मात्र त्या दिवसांत बदलल्या होत्या. अंगणात बसून सुनेच्या केसांना तेल लावायच्या. पट्टीच्या आतून गुणगुणायच्या. शालूशी अर्धवट राहिलेली बोलणी पुढे चालू असायची. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, लोणच्याला मोहरी कमी पडली," असं. चंद्रा म्हणायची, "हो." तिने ते लोणचं पाहिलेलं सुद्धा नव्हतं. मी एकदा दुरून बघत होते. ऊन उतरलं होतं, दोघी पायरीवर, एक मागे एक. तिथे दोन बायका बसल्या आहेत की तीन, ते मला धड मोजता येईना. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

थंडीत चंद्राला ताप आला.

साधाच असेल. हवा बदलली होती, रेग्यांची पोरंही शिंकत होती. पण मालकीणबाईंच्या घरात त्या तापाचा अर्थ निराळा. चंद्राला त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपवलं. डॉक्टर येऊन गेला, औषध देऊन गेला, म्हणाला, काही पोटात जाऊ द्या. पोटात काही जाईना. वसंता रात्रपाळीला गेलेला. मी मऊ पेज करून घेऊन गेले.

मालकीणबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. इतकी माया करणारी बाई सकाळपासून आत गेली नव्हती.

"तू आत जाऊ नको," मला म्हणाल्या. मग स्वतःच पेजेचं वाडगं माझ्या हातातून घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

खाटेवर चंद्रा तापाने लालबुंद झाली होती. तिने पट्टी काढून जमिनीवर टाकली होती. तोंड उघडं, ओठ फुटलेले.

"शालू, बांध गं ते," मालकीणबाई म्हणाल्या.

"शालू गेली, आई."

"असं बोलू नये."

"गेली ती. मी चंद्रा. माझ्याकडे बघा. माका भूक लागली हा."

बाई हलली नाही. वाडग्यातून वाफ येत होती. मी म्हटलं, "द्या मालकीणबाई, मी भरवते तिला." हात पुढे केला तशी खाटेवरून चंद्राचा आवाज आला, बारीक पण पक्का. "वैनीन नको. त्यांनीच भरवूचा. नाय तर माका नको."

"हट्ट करू नकोस पोरी," मी म्हटलं.

"नको म्हटलंय ना."

मालकीणबाई खाली बसल्या, उंबऱ्यावरच. वाडगं दोन्ही हातांत. माझ्याकडे न बघता बोलल्या, आणि प्रथमच मला पट्टी हलताना दिसली.

"असंच वाडगं होतं. पेज गरम होती. तिला दम निघेना. मी म्हटलं, क्षणभर काढते, फुंकून देते. पट्टीतून फुंकर जात नाही गं. घास घास फुंकून दिला तिला. सगळं वाडगं खाल्लंन. म्हणाली, आई, बरं वाटतंय. आणि उजाडायच्या आत गेली." त्यांनी आपल्या पट्टीवर बोट ठेवलं. "मला काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. ह्यातच होता तो. अजून आहे."

म्हणजे ते एक तोंड. अख्ख्या वाडीने एकमेकांत शोधलं ते.

 डॉक्टर तिथे असता तर त्याने सांगितलं असतं की बाई, असं काही नसतं, तिला ताप आधीच होता. पण खरं सांगते, त्या उंबऱ्यावर, त्या पट्टीकडे बघताना, मला स्वतःलाच ते नसतं असं खात्रीने वाटलं नाही.

"गरम आसा," चंद्रा म्हणाली. "फुंका, आई."

"नको गं."

"मी मरूचंय नाय. फुंका. आणि माका माझ्या नावान हाक मारा. तिच्या नावान मी खावचंय नाय."

 पेजेवर साय धरायला लागली. मग मालकीणबाईंचे हात डोक्यामागे गेले. गाठी सुटेनात. रोज नवी पट्टी बांधणारी बाई, पण त्या वेळी बोटं चालेनात. "सोड गं पेणकरणी," म्हणाल्या. मी मागे जाऊन गाठ सोडली. माझ्या हाताला त्यांच्या मानेचा घाम लागला.

पट्टी खाली आली.

पोरांचं चूक होतं. तोंड होतं. पण मी त्यांना मनाने जे करारी, पातळ ओठांचं तोंड दिलं होतं ते हे नव्हे. डोळ्यांभोवती कातडी उन्हाने रापलेली, सुरकुतलेली, पन्नाशीची. आणि पट्टीच्या रेघेखाली सगळं पांढरंफटक, मऊ, एखाद्या लहान मुलीचं असावं तसं. एकाच चेहऱ्यावर वर एक बाई आणि खाली दुसरीच. खालचे ओठ थरथरत होते. ते बघण्यापेक्षा पट्टी बरी होती, असं मला क्षणभर वाटून गेलं.

त्या उठल्या, आत गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या. चमचा भरला. ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. वाफ चंद्राच्या तोंडावरून गेली. मी, धीराची मी, पदर नाकाला लावून भिंतीला चिकटले होते.

"चंद्रा," त्या म्हणाल्या. शब्द नवा असल्यासारखा, अडखळत. "चंद्रा, आ कर."

तिने तोंड उघडलं. तुटका दात दिसला. मालकीणबाई त्या दाताकडे बघत राहिल्या, जणू घरात ती वस्तू आज प्रथमच आली होती. मग चमचा आत गेला. मग दुसरा. प्रत्येक घासाला फुंकर. सगळं वाडगं संपलं.

"बरं वाटता," चंद्रा म्हणाली आणि डोळे मिटले.

मालकीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. हेच शब्द. त्यांनी वाडगं खाली ठेवलं आणि खाटेचा कठडा धरला. "जा तू," मला म्हणाल्या. "आता उजाडेपर्यंत मला बसायचं आहे."

मी घरी आले. ती रात्र आमच्या खोलीत कुणी झोपलं नाही. हे म्हणाले, "काही होत नाही गं," आणि हेच पुन्हा पुन्हा उठून खिडकीशी गेले. टोकाच्या घरात दिवा होता. आवाज नव्हता. उजाडायच्या सुमाराला तर तो दिवाही विझला आणि मी घागर उचलून नळावर गेले.

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा सगळी वाडी नळावर होती, पण भांडं कुणी लावत नव्हतं. माझ्याकडून सगळ्यांना कळलं होतं, पण सांगताना मीही सवयीने शालूच म्हटलं होतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे काही आजचं नाही. रेगे तोंडात राखुंडीचं बोट घालून उभे होते आणि ते घासायला विसरले होते.

टोकाचं दार उघडलं. मालकीणबाई बाहेर आल्या. अंगावर तेच लुगडं, चेहरा उघडा. त्या सगळ्या गर्दीतून चालत आल्या आणि कुणी बाजूला सरकलं नाही, कारण कुणाला हलायचंच सुचलं नाही. ऊन त्या पांढऱ्या हनुवटीवर पडलं तसे त्यांनी डोळे मिचकावले.

"चंद्राला भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "कुणाकडे जुने तांदूळ आहेत का?"

रेग्यांनी बोट तोंडातून काढलं. "चंद्रा कोण?"

"माझी सून," मालकीणबाई म्हणाल्या.